कोल्ह्यांच्या गावाहून आई-बाबांना

व्हाइसवासर, नोव्हेंबर

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर इथल्या आइस हॉकीचं सांगत होते, तेव्हा बाबांनी विचारलं, "दोनच संघांची कसली गं लीग?" आणि तेवढ्यात माझी ड्यूटीची वेळ झाली. आईचा प्रश्न तर त्याहून जुना आहे. बर्लिनला नर्सची जागा मिळत असताना मी या एवढ्याशा गावात का राहते? दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत आणि फोनवर मला ती नीट सांगता येणार नाहीत, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसले.

व्हाइसवासर म्हणजे पांढरं पाणी. इथे सोर्ब लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या भाषेतलं नाव ब्येवा वोदा, त्याचाही अर्थ तोच. बाबा, तुम्ही मला पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या मोहिमेला नेलं होतं तेव्हा वाटेत पांढरपाणी लागलं होतं. पहिल्या दिवशी स्टेशनवर उतरले, पाटी वाचली आणि तेच आठवलं, म्हणून थोडा धीर आला. पोलंडची हद्द इथून अगदी जवळ. गाव वाढलं ते काचेवर. भोवती वाळू, भट्टीला लाकूड आणि कोळसा, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी इथे काचकारखान्यांची रांगच होती. पुढे कोळशाच्या खाणी आणि शेजारच्या बॉक्सबर्गचं वीजकेंद्र आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावात ३५ हजारांहून जास्त माणसं होती. आज साधारण १५ हजार आहेत. माझ्या खोलीच्या खिडकीतून जे मोकळं मैदान दिसतं, तिथे पूर्वी पाच मजली इमारती होत्या. राहायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्या पाडल्या.

या गावाच्या संघाने पूर्व जर्मनीचं आइस हॉकीचं अजिंक्यपद २५ वेळा जिंकलं आहे.

मला हे आमच्या वृद्धाश्रमातल्या एका आजोबांनी सांगितलं. आयुष्यभर त्यांनी काचेच्या पेल्यांवर नक्षी कोरली. हात आता थरथरतात, पण सालं सगळी पाठ आहेत. सकाळी त्यांना गोळ्या देताना माझी उजळणी घेतात. सुरुवात १९३२ची, गोठलेल्या तळ्यावर. युद्धानंतर काचकामगारांच्या संघाने १९५१ साली पहिलं अजिंक्यपद आणलं. तेव्हा आजोबा दहा वर्षांचे होते, वडिलांच्या खांद्यावर बसून सामने बघायचे. तिथून १९६५पर्यंत सलग १५ वर्षं दुसऱ्या कोणाला अजिंक्यपद मिळालंच नाही. मधल्या काळात, १९५३ साली, संघ डायनॅमो या संघटनेत गेला आणि त्याचं नाव डायनॅमो व्हाइसवासर झालं.

आई, तुला हा खेळ माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगते. बर्फाच्या मैदानावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू, त्यातला एक गोलरक्षक. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात वाकडी काठी आणि चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. दमछाक एवढी होते की मिनिटभर खेळून खेळाडू बाहेर येतो आणि दुसरा उडी मारून आत जातो, खेळ न थांबता. म्हणून संघात वीसेक जण लागतात.

आणि बाबा, ते वीसजणच या खेळाच्या मुळावर आले. १९६९ साली पूर्व जर्मनीच्या सरकारने ठरवलं की पैसा फक्त ऑलिंपिक पदकं देणाऱ्या खेळांवर घालायचा. हिशेब सरळ होता. वीस माणसं वर्षानुवर्षं पोसायची, बर्फाची मैदानं थंड ठेवायची आणि सगळं जमलं तर हाती पदक एक. तेवढ्या खर्चात धावणारे आणि पोहणारे कितीतरी पदकं आणतील. बास्केटबॉल, टेनिस, वॉटरपोलो यांच्यावरही तीच कुऱ्हाड पडली. याच देशाच्या हॉकी संघाने १९६६च्या जागतिक स्पर्धेत युरोपातलं कांस्यपदक मिळवलं होतं, पण त्याची कदर कोणी केली नाही. एकेक करून संघ बंद झाले. उरले दोनच, डायनॅमो बर्लिन आणि डायनॅमो व्हाइसवासर.

तर ही तुमची दोन संघांची लीग. १९७०-७१च्या हंगामापासून १९८९-९०पर्यंत, वीस वर्षं, दरसाल हेच दोन संघ पुन्हा पुन्हा एकमेकांशी खेळले आणि त्यातून देशाचा विजेता ठरला. जगात एवढी लहान लीग दुसरी नव्हती. वीसपैकी बारा वेळा बर्लिन जिंकलं, आठ वेळा आमचं गाव. मी आजोबांना विचारलं, "कंटाळा नाही यायचा, तेच तेच बघून?" ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एका बाजूला राजधानी आणि एका बाजूला आम्ही. कंटाळा कसला?" बाबा, मला तेव्हा शाहू स्टेडियम आठवलं. पाटाकडील आणि दिलबहारचा फुटबॉल सामना असला की तुम्ही दुकान लवकर बंद करायचात आणि त्या आठवड्यात आपल्या गल्लीत दुसरा विषय नसायचा. तेच दोन संघ वर्षानुवर्षं समोरासमोर येतात म्हणून कोल्हापुरात कोणाला कंटाळा आलेला मी पाहिला नाही.

एक गोष्ट मात्र मला सलते आणि ती तुमच्यापासून लपवायची नाही. दोन्ही संघ ज्या डायनॅमोचे, ती पोलीस आणि गुप्तचर खात्याची क्रीडासंघटना होती. तिच्या प्रमुखपदी एरिश मील्के, म्हणजे ज्या श्टाझीने लाखो माणसांवर पाळत ठेवली, तिचा मंत्री. बाकीचे संघ बुडाले आणि हे दोनच तरले, ते त्या छत्रामुळे. आजोबांपुढे मील्केचं नाव निघालं की त्यांचा आवाज खाली जातो. त्यांच्या भावावर याच खात्याची पाळत होती. तरीही ते सामना चुकवायचे नाहीत. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. मैदानात उतरणारी मुलं याच गावची, काचकामगारांची होती आणि टाळ्या त्यांच्यासाठी होत्या, असं ते म्हणतात. मला ते पटतं. पण इथे कोणी जुन्या दिवसांचं नुसतंच कौतुक करू लागलं की मला त्यांच्या भावाची आठवण होते.

बर्लिनची भिंत पडली त्या हंगामात आणि त्याच्या आदल्या हंगामात, १९८९ आणि १९९० साली, देशाचं अजिंक्यपद व्हाइसवासरकडेच होतं. म्हणजे पूर्व जर्मनीचा शेवटचा विजेता हाच संघ. पुढे देशच उरला नाही. डायनॅमो हे नाव गेलं. दोन्ही संघांना एकत्र जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत जागा मिळाली, १९९४ साली डीईएल ही नवी व्यावसायिक लीग निघाली तेव्हा तिच्या संस्थापक संघांतही आमचं गाव होतं. पण कारखाने एकामागून एक बंद पडत होते, कमावती मुलं पश्चिमेकडे जात होती. म्युनिक आणि कोलोनच्या पैशापुढे हे गाव कसं टिकणार? १९९६ साली ती लीग सोडावी लागली. मधे काही वर्षं तिसऱ्या श्रेणीतही काढली. आता संघ दुसऱ्या श्रेणीत आहे, २०१३पासून तिला डीईएल-२ म्हणतात. चौदा संघ, प्रत्येकाचे साखळीतले ५२ सामने. जुना प्रतिस्पर्धी बर्लिन वर राहून जर्मनीचा सगळ्यात यशस्वी संघ झाला. शेजारचं ड्रेस्डेनही २०२५ साली जिंकून वर गेलं. आम्ही इथेच आहोत.

आजोबांची तिन्ही मुलं श्टुटगार्टकडे आहेत. दर रविवारी फोन येतो. फोन ठेवला की ते थोडा वेळ गप्प बसतात. आई, मी तिथून मुद्दाम लांब जाते, कारण मला तेव्हा आपल्या घरातला फोन आणि त्याच्याशेजारी बसलेले तुम्ही दोघं दिसता.

संघाचं आजचं नाव लाउझित्सर फ्युक्स. लाउझित्स हा इथला प्रदेश आणि फुक्स म्हणजे कोल्हा. निळा-पिवळा रंग. मी पहिल्यांदा सामन्याला गेले ती आश्रमातल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन, दोन जण चाकाच्या खुर्चीत. रांगेत मागच्या बाईंनी विचारलं, तू कुठली? कोल्हापूर म्हटलं. मग सांगितलं की आमच्याकडे कोल्हासुरावरून नाव पडलं म्हणतात, पण 'कोल्हा' हा शब्द एरवी फुक्ससाठीच आहे. त्यांनी ते आजूबाजूच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या गळ्यात घातला. तो अजून माझ्याकडे आहे. फोटोत जो निळा मफलर बघून तू विचारत होतीस, तो हाच.

मैदानाची नवी बंदिस्त इमारत २०१३ची आहे, आत सुमारे तीन हजार माणसं मावतात. पंधरा हजारांच्या गावात तीन हजार! कोल्हापूरच्या हिशेबाने लाखभराहून जास्त माणसं एका जागी जमल्यासारखं. लोक तिला कोल्ह्याचं बीळ म्हणतात. रविवारी संध्याकाळी रस्ते सामसूम असतात, पण तिथे गेलं की कळतं सगळे कुठे आहेत. लहान मुलांना तीन-चार वर्षांची असल्यापासून बर्फावर उभं करतात. शेजारच्या बाड मुस्काउमध्ये जन्मलेला आणि याच गावात घडलेला फ्रांक ह्योर्डलर पुढे बर्लिनकडून खेळला आणि २०१८च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जर्मनीने रौप्यपदक जिंकलं तेव्हा त्या संघात होता. म्हणजे ज्या पदकाच्या हिशेबापायी इथला हॉकी बंद पडत होता, ते पदक शेवटी याच मातीतल्या मुलाच्या गळ्यात पडलं. आजोबा हे सांगतात तेव्हा त्यांचे हात थरथरायचे थांबतात, खरंच.

देशाने आता २०३८पर्यंत कोळसा पूर्ण बंद करायचं ठरवलं आहे. म्हणजे खाणी आणि वीजकेंद्रही जाणार. गावाचं काय होईल याची चर्चा आमच्या जेवणघरात रोज चालते. अशा ठिकाणी म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला हात कमी पडतात. माझ्या मजल्यावर ३४ जण आहेत आणि रात्रपाळीला आम्ही दोघी. आई, बर्लिनमध्ये माझ्या जागी दुसरी नर्स सहज मिळेल. इथे नाही मिळणार. म्हणून मी करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला आहे. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, त्याबद्दल रागवा, पण मन खट्टू करून घेऊ नका. मे महिन्यात महिनाभराची रजा मंजूर झाली आहे, तिकीट या आठवड्यात काढते.

बाबा, साखरेची तपासणी झाली का? रिपोर्टचा फोटो पाठवा. आई, गुडघ्याला तेल लावायला रोज कोणाला तरी सांग, स्वतः वाकून लावू नकोस.

या रविवारी क्रिमिचाऊशी सामना आहे आणि आजोबांना न्यायचं आहे. संपेपर्यंत तुमच्याकडे मध्यरात्र होईल, म्हणून फोन दुपारीच करते. तुमच्या संध्याकाळच्या दिवेलागणीला जवळ बसा.

तुमची,
ताई