धबधब्यावरचा दोर कोण तपासणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की पनवेल, खारघर, कामोठ्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच त्या जाहिराती फिरू लागतात. माथेरानच्या पायथ्याला वॉटरफॉल रॅपलिंग, म्हणजे दोराला लटकून धबधब्यातून खाली उतरणं. नाश्ता, जेवण, फोटो, सर्टिफिकेट सगळं पॅकेजमध्ये. यंदा आमच्या सोसायटीतली पोरं धोदाणीला निघाली, त्यात माझी पुतणी होती, म्हणून मीही बसमध्ये बसलो. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो. दोराला लटकलेला माणूस दिसला की माझी नजर आधी दोर वर कुठे बांधलाय तिकडे जाते. तिथे जे दिसलं, त्यासाठी हे पत्र.

पनवेलहून नेरे, गाढेश्वरचं धरण, मालडुंगे करत गेलं की धोदाणी येतं आणि समोर माथेरानचा डोंगर उभा राहतो. जागा देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही.

दोर एकाच झाडाला बांधला होता. झाड चांगलं जाड, जिवंत, तेवढं मान्य. पण कड्यावरून दोर जिथे खाली वळतो तिथे खडकाची धार उघडीच होती. मध्ये ना गोणपाटाची घडी, ना सतरंजीचा तुकडा. उतरणारा माणूस पाण्याच्या माऱ्याने डावीकडे-उजवीकडे झुलतो आणि प्रत्येक झोक्याला दोर त्या धारेवर घासतो. मधल्या वेळेत दोर सैल असताना मी हात लावून पाहिलं. वीतभर भागात बाहेरचं नारिंगी विणकाम पिंजून फुललं होतं आणि एका जागी आतला पांढरा गाभा दिसत होता. या दोरांची बरीचशी ताकद त्या गाभ्यातच असते. वरचं विणकाम त्याच्या रक्षणासाठी. गाभा दिसायला लागला की दोर बाद. आमच्याकडे लिफ्टच्या तारेचे काही धागे तुटलेले दिसले तरी गाडी बंद ठेवून तार बदलायला सांगतो, मग सेक्रेटरी कितीही ओरडू देत.

तिथल्या मुलाला विचारलं, तर म्हणाला, "काका, दोन टनांचा रोप आहे, टेन्शन नका घेऊ." दोन टनांचा असेलही, नवाकोरा, सुका आणि सरळ असताना. नायलॉन भिजला की कमजोर होतो, गाठ मारली की त्या जागी आणखी. वर्षभर उन्हात पडला असेल तर विचारायलाच नको. दोर कधी घेतला, विचारलं. "काका, तुम्ही एन्जॉय करा ना!"

आता बिलेचं, म्हणजे उतरणाऱ्याला पडण्यापासून सांभाळणाऱ्या दोराचं. वरून सुरक्षेचा दुसरा दोर नव्हताच. खाली एक मुलगा दोराचं टोक धरून उभा. उतरणाऱ्याचा हात सुटला तर याने दोर ताणायचा, म्हणजे माणूस जागेवर थांबतो. ही पद्धत खोटी नाही, कोरड्या कड्यावर वापरतात. पण धबधब्यात खालच्याला वरचं दिसत नाही आणि पाण्याच्या आवाजात हाकही ऐकू जात नाही. शिवाय मूळ दोरच तुटला किंवा गाठ सुटली, तर खालून ताणणार काय?

आमच्यातल्याच एका मुलीचा ओला टी-शर्ट उतरताना डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावर उतरायचा वेग आवरणाऱ्या कमरेच्या कडीत, ओढला गेला. ती अर्ध्यात अडकली, डोक्यावर पाणी कोसळतंय, तोंड वर करायची सोय नाही. वरचा अँकर (दोराची वरची बांधणी) वजन असतानाही दोर सोडता येण्यासारखा बांधलेला असता, तर तिला तसंच हळूहळू खाली घेता आलं असतं. तसा तो नव्हता. वरची दोघं एकमेकांना सुरी मागत होती, ताणलेल्या दोराशेजारी सुरी! शेवटी पोरीनेच हिसका देऊन कापड फाडलं आणि ती सुटली. खाली आल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिचा फोटो काढला. हेल्मेटची पट्टी तुटलेली होती, ती बुटाच्या नाडीने बांधली होती. फोटोत तेही दिसतंय.

आणि वरच्या पावसाचं काय? माथेरानच्या पठारावर जोराची सर आली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो. पाणी तांबूस दिसायला लागलं की वरची जांभ्याची माती खाली येतेय, हे गावातल्या माणसाला कळतं. वर नजर ठेवायला आणि शिटी वाजवायला असा एक गावकरी उभा करायला किती खर्च येतो? जेवण मात्र गावातच शिजत होतं.

सात मजली इमारतीतल्या लिफ्टसाठी आपल्याकडे 1939 पासून कायदा आहे. 2017 च्या नव्या कायद्यात सरकते जिनेही आले. परवाना लागतो, निरीक्षक येतो. वर माथेरानात तर माणसाने ओढायच्या रिक्षा बंद करायचा आदेश 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्याच डोंगराच्या पायथ्याला पोरं दोराला लटकवली जातात आणि तो दोर कुणाच्या वहीत नोंदलेला नसतो.

नियमच नाहीत असंही नाही. राज्य सरकारने ऑगस्ट 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सक्तीची केली. आमच्या जाहिरातीवर नोंदणी क्रमांक नव्हता, मागितला तर मिळाला नाही. आता अशी पत्रं छापून आली की प्रशासनाचं औषध ठरलेलं: बंदी. कृपा करून ते नको. बंदीत नीट काम करणारे घरी बसतात, दुसरे पहाटे पाचला आडवाटेने जातात, आणि वाडीतल्या बाईच्या पिठलं-भाकरीचे पैसे बुडतात ते वेगळेच.

जाणकारांचा दुष्काळही नाही. गिरिविहारसारखा गिर्यारोहण क्लब 1954 पासून आहे. 2016 आणि 2017 साली बोल्डरिंगचा (दोराशिवाय कमी उंचीवर चढण्याचा) वर्ल्ड कप आपल्या नवी मुंबईत झाला. बेलापूरच्या टेकडीवर सरावाला येणारी पोरं खाली मॅट अंथरल्याशिवाय डोक्याएवढ्या उंचीच्या दगडावरही चढत नाहीत. अशा लोकांना तपासनीस म्हणून मानधन द्या. नोंदणी क्रमांकाशिवाय जाहिरात टाकणाऱ्याला दंड करा. प्रत्येक दोराची वही ठेवायला लावा: कधी घेतला, किती वेळा वापरला, कधी बाद केला. धबधब्यावर सुरक्षेचा दुसरा दोर वरूनच हवा.

पैसे भरणाऱ्या आईबापांनीही जीपे करण्याआधी क्रमांक मागावा. टाळाटाळ झाली तर पोराला सरळ नाही म्हणावं, रुसला तर रुसला.

पर्यटन संचालनालयाने एखाद्या रविवारी एक माणूस धोदाणीला पाठवावा, एवढी विनंती. सकाळी नऊच्या आत पोचायला सांगा, म्हणजे अँकर बांधताना बघता येईल. फोटोचा कार्यक्रम सुरू झाल्यावर वर कुणी जाऊ देत नाही.

आपला,
एक लिफ्ट मेकॅनिक, कामोठे
(नाव छापू नये, ही विनंती.)