आण्णा, हे तर तुमचंच काम

रॅले, नॉर्थ कॅरोलायना

ती. आण्णा आणि आईस शि. सा. नमस्कार,

फोनवर सांगून झालं नसतं म्हणून लिहितोय. आईला वाचून दाखवा, तिनं चष्मा अजून बदलला नसणार मला माहितीय.

रविवारी इथल्या आर्ट म्युझियमला गेलो होतो. म्हटलं आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमसारखं असेल, मूर्ती, तलवारी, बाहेर बाग. तर ह्यांनी बाहेर 164 एकर रानच ठेवलंय, गवताचा माळ, झाडी, मधनं पायवाटा, आणि चालता चालता मधेच एखादं शिल्प उभं. पार्कात फिरायला तिकीट नाही. कुणी पळतंय, कुणी कुत्रं फिरवतंय, सकाळचा रंकाळाच, फक्त भेळ नाही. पूर्वी इथं पोरांचा तुरुंग होता म्हणे, त्याचं धुराडं अजून ठेवलंय.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. माळावर काँक्रीटची तीन मोठ्ठी कडी उभी आहेत, तांबूस, माणूस आरामात आरपार जाईल एवढी. थॉमस सेअर म्हणून इथलाच शिल्पकार, त्यानं 1999 ला केलीत. हात लावला तर सगळं खडबडीत. म्हटलं असलं अंग कुठंतरी बघितलंय! मग कळलं कसं केलंय ते आणि हसूच आलं. जमिनीतच कड्याच्या आकाराचा चर खणायचा, त्यात सळ्या टाकायच्या, वरनं काँक्रीट ओतायचं आणि घट्ट झालं की क्रेननं उचलून उभं करायचं. जमीनच साचा! आण्णा, तुम्ही शिरोलीच्या फौंड्रीत आयुष्यभर वाळूच्या साच्यात धातू ओतण्याशिवाय दुसरं काय केलं? तुमच्या कास्टिंगला जरा वाळू चिकटली तर सुपरवायझर रिजेक्ट मारायचा, आणि ह्यांनी फेटलिंगच केलं नाही, अंग घासून साफच केलं नाही, आणि लोक फोटो काढाय येतात.

आईसाठी एक, झाडीत दगडाची बारकी झोपडी आहे, क्रिस ड्रुरीची. आत जाऊन दार लावलं की मिट्ट काळोख, छपराला एक भोक. डोळे सरावले की भिंतीवर, जमिनीवर बाहेरची झाडं आणि ढग उमटतात. गावाकडं कौलाच्या फटीतनं कवडसा पडायचा ना, तसंच, पण त्यात आख्खं आभाळ. मी बराच वेळ बसलो, मागं लोक खोळंबले.

फोटो व्हॉट्सअपवर टाकलेत. आण्णा, कडी झूम करून बघा आणि मला सांगा, एवढं काँक्रीट ओतताना चराची माती ढासळू नये म्हणून ह्यांनी काय केलं असेल? तुम्हालाच कळेल.

तुमचा,
धाकटा