पाचगणीचा फ्रेडी

महोदय,

दर २४ नोव्हेंबरला आम्ही चार-पाच मित्र वाईत एकत्र बसून 'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडची गाणी ऐकतो. १९९१ साली याच दिवशी त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी लंडनमध्ये वारला, अवघ्या ४५व्या वर्षी. तेव्हा आम्ही कॉलेजात होतो. कॅसेट एकच, हातोहात फिरून घासलेली.

गप्पा हमखास १९८५च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीवर येतात. लंडनच्या वेम्ब्लीत संध्याकाळच्या उन्हातली ती वीसेक मिनिटं, हातात माइकचा अर्धाच दांडा आणि त्याच्या एकेका आलापाला उत्तर देणारं अख्खं स्टेडियम! मला मात्र 'क्वीन'चं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' हे गाणं अधिक थक्क करतं. १९७५ साली आजच्यासारखं संगणकावरचं ध्वनिमुद्रण नव्हतं. त्यातला तो समूहस्वर म्हणजे फ्रेडी आणि बँडमधले त्याचे साथीदार ब्रायन मे व रॉजर टेलर हे तिघंच. स्वतःच्याच आवाजांवर आवाज चढवत गेले. टेप इतकी झिजली, की तिच्यातून आरपार दिसू लागलं, असं मे सांगतात.

हा गायक मूळचा फारुख बलसारा, झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला आणि तिथल्याच 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये पियानो वाजवू लागला. पसरणीचा घाट चढताना आजही आमच्या गाडीत त्याचाच आवाज असतो. पाचगणीला येणाऱ्या पर्यटकांना स्ट्रॉबेरीबरोबर या मुलाचीही गोष्ट कुणीतरी आवर्जून सांगावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, वाई