पक्षपंधरवड्यातलं मत

हर्नडन, व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी गणपती पोचवले, रविवारी तुमच्याकडे ग्रहण लागलं आणि मंगळवारी मी इथं पहिलं मत देऊन आले. पक्षपंधरवड्यात नवीन काही सुरू करू नये, हे आईचं मला ऐकू येतंय. पण तारीख गव्हर्नरनं ठरवलेली, त्याला पंचांग कोण दाखवणार!

आणि खरं सांगायचं तर निवडणूकही गेलेल्या माणसाच्याच जागेची होती. आमचे खासदार जेरी कॉनोली २१ मे रोजी वारले. २००९ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत होते, त्याआधी इथल्या फेअरफॅक्स काउंटीच्या मंडळाचे अध्यक्ष. कॅन्सर होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी ट्रम्प यांचं ते मोठं करकपातीचं बिल प्रतिनिधी सभागृहात, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहात २१५ विरुद्ध २१४ असं एका मतानं पास झालं. अण्णा, तुम्ही फोनवर हसून म्हणालात, "एका मतानं काय होतं म्हणणाऱ्यांना दाखव." तेव्हा विरोधी डेमोक्रॅट पक्षाचे सदस्य वारल्यामुळे तीन जागा रिकाम्या होत्या, त्यातली एक आमची.

तुम्ही विचारलं होतंत की इथं पोटनिवडणुकीला सहा महिन्यांची मर्यादा आहे का. आपल्यासारखा देशभर एकच नियम या सभागृहाला नाही. राज्यघटना एवढंच सांगते की जागा रिकामी झाली की गव्हर्नरनं निवडणुकीचा आदेश काढायचा. टेक्सासमधली जागा मार्चमध्ये रिकामी झाली, तिथल्या गव्हर्नरनं नोव्हेंबरची तारीख दिली. आमची साडेतीन महिन्यांत उरकली. मात्र एक गोष्ट पक्की आहे. सेनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या जागेवर बऱ्याच राज्यांत गव्हर्नर कुणाला तरी तात्पुरतं नेमू शकतो, या सभागृहात नाही. १७८९ पासून आजवर इथं एकही माणूस नेमणुकीनं बसलेला नाही. लोकांनी निवडून दिलं तरच खुर्ची, नाहीतर खुर्ची रिकामी.

आता मंगळवारचं सांगते. केंद्र शाळेच्या जिममध्ये होतं, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी. सकाळी सहा ते संध्याकाळी सात मतदान, मी कामावर जाता जाता साडेसातला पोचले. माझ्यापुढं तीनच माणसं. टेबलाशी पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. लायसन्स दाखवलं, नाव आणि पत्ता तोंडी सांगितला, आणि मग बाईंनी माझं नाव मोठ्यानं उच्चारलं, बाजूला बसलेल्या पक्षांच्या माणसांना ऐकू जाईल असं. "म्रू... ना... लाय... नी." मला एकदम तुम्ही आठवलात. केंद्राध्यक्ष म्हणून तुम्ही महाबळेश्वरच्या बाजूला जायचात, आणि परत आलात की जेवताना तुमच्या पहिल्या मतदान अधिकाऱ्याची नक्कल करायचात, तो यादीतलं नाव आणि अनुक्रमांक पोलिंग एजंटांसाठी कसा पुकारायचा त्याची. नाव पुकारायचं, मत झाकायचं. इथंही तसंच निघालं.

बाकी सगळं वेगळं. शाई नाही, बोटाला काही नाही. यंत्रावर बटण नाही, कागदी मतपत्रिका, नावापुढचा लंबगोल काळ्या पेनानं भरायचा. एवढ्या मोठ्या कागदावर फक्त एकच लढत, त्यामुळे रिकामाच दिसत होता. उभं राहून लिहायला लुटूपुटूची टेबलं, तिन्ही बाजूंनी पुठ्ठ्याचा आडोसा. मी लंबगोल इतका घोटून भरला की कागद जरा फुगला. मग आपल्या हातानंच स्कॅनरमध्ये सरकवला, त्यानं गिळला, पडद्यावर आकडा एकानं वाढला. झालं. दारात एकानं स्टिकर दिलं, ते सोबत पाठवतेय.

जेम्स वॉकिनशॉ निवडून आले, सुमारे पंचाहत्तर टक्के मतांनी. पूर्वी कॉनोलींच्याच कार्यालयाचे प्रमुख होते. दुसऱ्या दिवशी शपथसुद्धा झाली. आपल्या साताऱ्याच्या २०१९ च्या पोटनिवडणुकीसारखी रंगत, पाऊस, भिजलेलं भाषण, यातलं काहीही नाही. कोण येणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं.

रंगत पूर्वी होती म्हणे. रविवारी फेअरफॅक्स गावातलं जुनं कोर्ट बघून आले, १८०० सालचं, विटांचं, कमानींचं. पूर्वी व्हर्जिनियात मतदान अशा कोर्टातच व्हायचं आणि ते तोंडी असायचं. शेरीफ बसलेला, उमेदवारही तिथंच बसलेले. जमीन असलेला गोरा पुरुष पुढं येणार, सगळ्यांसमोर सांगणार, माझं मत अमक्याला. कारकून वहीत लिहून घेणार आणि उमेदवार उठून त्याचे आभार मानणार! त्याआधी रम आणि पंच नावाचं दारूचं सरबत पाजलेलं असायचं ते वेगळंच. जेम्स मॅडिसन, पुढं राष्ट्राध्यक्ष झालेला, १७७७ साली दारू पाजायला नकार देऊन बसला आणि राज्याच्या निवडणुकीत हरला, तोही एका गुत्तेवाल्याकडून. आपल्याकडच्या धाब्यांवर हा किस्सा खपेल.

सभागृहाचा पहिला सदस्य पदावर असताना वारला तोही व्हर्जिनियाचाच, थिओडोरिक ब्लँड. १ जून १७९०, न्यूयॉर्कमध्ये, कारण काँग्रेस तेव्हा तिथं भरायची. पेशानं डॉक्टर, स्वातंत्र्ययुद्धात घोडदळाचा कर्नल. त्याच्या जागी विल्यम ब्रँच जाइल्स हा वकील निवडून आला, तोवर काँग्रेस फिलाडेल्फियाला गेली होती. जागा एका शहरात रिकामी झाली आणि दुसऱ्यात भरली. जाइल्सला मत देणाऱ्या प्रत्येकाचं नाव गावाला माहीत होतं. सावकाराला, शेजाऱ्याला, सासऱ्यालाही. ही पद्धत यादवी युद्ध होईपर्यंत चालली. मला तर विचारानंच घाम फुटला.

एक मनातलं. फेब्रुवारीत मी इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तुम्ही अभिनंदन केलंत, पण वाईच्या यादीतून नाव काढायचा सात नंबरचा फॉर्म भरायचा आहे म्हटल्यावर फोनवर बराच वेळ गप्प होतात. आई म्हणाली, रेंज गेली असेल. रेंज गेली नव्हती, मागं आपल्या भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. तो फॉर्म तुम्हीच तहसील कचेरीत नेऊन द्या. दुसऱ्या कुणाच्या हातून नको.

आई, तू विचारणारच की मी कुणाला मत दिलं. अण्णांनी पंचेचाळीस वर्षांत तुला एकदा तरी सांगितलं का? मग मीही नाही सांगणार.

अण्णांच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख कळवा. दिवाळीला नाही, पण जानेवारीत नक्की येतेय.

तुमची,
मृणालिनी