हिस्ट्री मी उघडली नाही

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

रविवारी, लॅपटॉपवर तू काय शोधलंस ते मी चोरून बघितलं असं म्हणून फोन ठेवलास, म्हणून लिहितोय. तुझी हिस्ट्री, म्हणजे कुठे कुठे गेलीस त्याची यादी, मी उघडली नाही. दिवाळीत लॅपटॉप वापरलास, जाताना हिस्ट्री पुसलीस, ठीक. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर पेपर उघडला तर बातमीशेजारी जाहिरात: थायरॉइडची तपासणी, घरी येऊन रक्त नेऊ. गॅस बुक करायला गेलो, तिथेही तेच. आई मागेच उभी होती. म्हणाली, "हे कुणाला झालंय?"

तू दिवाळीभर सारखा गळ्याशी हात नेत होतीस. मला वाटलं, नवी चेन टोचत असेल. रिपोर्ट आला का?

अद्वैत म्हणाला, हिस्ट्री पुसली तरी कुकी, म्हणजे साइट आपल्या मशीनवर ठेवते ती खुणेची चिठ्ठी, राहतात. १९९४ साली नेटस्केप या ब्राउझरच्या कंपनीत निघाली ही कुकी, गिऱ्हाईक परत आलं तर ओळखू यावं म्हणून. आता जाहिरातवाली एकच कंपनी शंभर साइटवर बसते आणि तू इथून तिथे गेलीस की तिला कळतं. फायरफॉक्स ब्राउझरने २०२२ पासून ज्या साइटची कुकी त्या साइटपुरतीच ठेवायला सुरुवात केली. ब्रेव्ह नावाचा ब्राउझरही असे माग काढणारे अडवतो. आणि गुगलच्या क्रोममधल्या इनकॉग्निटोच्या, त्या खाजगी खिडकीच्या, भरवशावर राहू नकोस. ते फक्त आपल्या मशीनवर काही ठेवत नाही. साइटला दिसायचं ते दिसतंच. त्यावरून अमेरिकेत २०२० साली गुगलवर खटला झाला, २०२४ मध्ये तडजोड करावी लागली. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर आजारपणाचं काही शोधूच नकोस, उद्या प्रमोशनच्या वेळी कोण काय...

झालं माझं सुरू. कॉम्प्युटर इंजिनिअरला पोस्टातला माणूस शिकवतोय. घरात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा मला वायरीला हात लावू दिला नव्हतास, शेजारचे जोशी बघायला आले होते. रागावू नकोस.

पण पोस्टातला आहे म्हणूनच तुझं बोलणं लागलं. सॉर्टिंगला कार्डं उघडीच हातात यायची, कुणाचं कर्ज, कुणाची मोडलेली सोयरीक. गाव बघायचं, पिन बघायचा, खणात टाकायचं. कल्याणच्या आत्याचं कार्ड माझ्याच हातून गेलं, ते घरी येईपर्यंत मी वाचलं नव्हतं. तिनेही गाठ लपवलीच होती. तुझं तसं काही नसणार. बहुतेक गाठी साध्या असतात म्हणे. पण सुईची तपासणी सांगितली असेल तर एकटी जाऊ नकोस, मी रात्रीच्या गाडीने येतो.

लॅपटॉपवर फायरफॉक्स टाकलाय, बंद केला की कुकीसकट सगळं पुसेल असं सेटिंग केलंय. गॅसवाल्यांकडे दर वेळी लॉगिन करावं लागतं म्हणून आई वैतागली आहे. संक्रांतीला आलीस की बिनधास्त वापर.

मला सांगायचं नसेल तर आईला सांग. मी तिला खोदून विचारणार नाही. निदान हो की नाही एवढं तरी कळव.

तुझे,
बाबा