ऊस काढून निलगिरी लावणे म्हणजे वनशेती नव्हे

संपादक महोदय,

उसाच्या पाण्याला आणि लांबणाऱ्या तोडीला कंटाळून खानापूर, हुक्केरी, बेळगाव भागातील शेतकरी झाडांकडे वळतो, तेव्हा बहुधा सगळ्या रानात एकच झाड लावतो. कुठे निलगिरी, कुठे सिल्व्हर ओक, कुठे हेब्बेवू (मलबार नीम). हे एकपीकच झाले, फक्त उसापेक्षा उंच. दर पडला की सगळ्याचाच पडतो. पानांवर गाठी आणणारी कीड दक्षिणेत पसरली तेव्हा निलगिरीचे मळेच्या मळे खुरटले होते. कर्नाटकाने 2017 मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंदी घातली, ती प्रामुख्याने भूजलासाठी.

मिश्र वनशेतीचे, म्हणजे एकाच रानात वेगवेगळी झाडे आणि पिके घेण्याचे, एकराचे गणित साधे आहे. ओळी 30 फुटांवर, ओळीत झाडे 10 फुटांवर. साधारण 145 झाडे बसतात. ओळी पूर्व-पश्चिम ठेवाव्यात, म्हणजे खरिपात सावली बरीचशी ओळीतच पडते. एका ओळीत एकच जात नको: शिवण, मग शेवगा, मग करंज, मग सीताफळ. शेवगा वर्षाच्या आत शेंगा देतो, सीताफळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी आणि शिवणीचे लाकूड दहा-बारा वर्षांनी. पहिली चार वर्षे मधल्या पट्ट्यात भुईमूग, सोयाबीन किंवा रताळी घ्यावीत. पुढे सावली वाढली की हळद. ऊस मात्र नको, त्याला ऊन कमी पडलेले चालत नाही.

खड्डे 2 फूट लांब, रुंद, खोल. एप्रिलमध्ये काढून उन्हात तापू द्यावेत. खानापूरच्या पावसात खड्ड्यात पाणी साचते आणि शेवगा महिन्याभरात कुजतो, म्हणून तिकडे खड्डा भरून वर फूटभर उंचवटा करून रोप लावावे. तांबड्या मातीत वाळवी आधी कच्च्या शेणखताला लागते, मग रोपाला. खत पूर्ण कुजलेलेच हवे.

बांधावर हिरवळीच्या खतासाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) दीड-दीड फुटावर लावावे. फांदीपेक्षा बियांचे रोप बरे, त्याचे मूळ खोल जाते. कंबरेएवढ्या उंचीवर वर्षातून तीनदा छाटणी करावी. एक टन ओल्या पाल्यातून अंदाजे 6 किलो नत्र मिळते. 45 किलोच्या युरियाच्या पोत्यात 20 किलोच्या वर असते. म्हणजे साडेतीन टन पाला एका पोत्याला भारी पडतो, शिवाय जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो तो वेगळाच.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष मुळ्यांकडे होते. झाडाजवळचे पीक पिवळे पडले की शेतकरी सावलीला दोष देतो, पण पाणी आणि खत मुळ्या ओढत असतात. दुसऱ्या वर्षापासून खोडापासून 3 फुटांवर, ओळीला समांतर 1 फूट रुंद, 2 फूट खोल चर मारून मुळ्या तोडाव्यात आणि चर पालापाचोळ्याने भरावा. दोन्ही बाजू एकाच वर्षी तोडू नयेत, वळवाच्या वाऱ्यात झाड कलंडते. एक बाजू यंदा, दुसरी पुढच्या साली.

चंदनाचे वेडही सध्या आहे. चंदन अर्धपरोपजीवी आहे, म्हणजे शेजारच्या झाडाच्या मुळ्यांतून पाणी आणि काही अन्न ओढते. सुरुवातीला शेजारी तूर, नंतर करंजासारखे टिकाऊ झाड नसेल तर ते नीट वाढत नाही. चोरांचा बंदोबस्त आणि तोडीचा परवाना हा खर्चही आधीच धरावा.

कर्नाटक वन खात्याच्या कृषी अरण्य प्रोत्साह योजनेत शेतात झाडे लावणाऱ्याला पहिली तीन वर्षे जगलेल्या रोपांच्या मोजणीवर पैसे मिळतात, म्हणून लागवडीपेक्षा उन्हाळ्यातले पाणी महत्त्वाचे. या योजनेची माहितीपत्रके सीमाभागात मराठीतही मिळावीत. आणि रोपवाटिकांनी मे अखेरपर्यंत शिवण, करंज, सीताफळ, जांभूळ यांची रोपे तयार ठेवावीत. एकाच जातीची ट्रॉली भरून देऊ नये.

– वनशेतीचा एक जाणकार, खानापूर