आत्याचा पिक्चर मंगळावर लागला का?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला नव्या डॉक्युमेंटरींवरचा पानभर लेख वाचला. काल गप्प बसलो, म्हटलं सुट्टीचा दिवस, कशाला डोकं तापवा. आज बायकोने नेमक्या त्याच पानात सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बांधले आणि तो मथळा परत डोळ्यासमोर आला, म्हणून लिहायला बसलोय.

लेख चांगला आहे, नाही असं नाही. असामान्य माणसं, संगीत, निसर्ग, समाज असे चार कप्पे पाडलेत, फोटो मोठे आहेत, कुठल्या फिल्मला कुठलं बक्षीस मिळालं तेही दिलंय. शेवटी लिहिलंय 'आवर्जून पाहाव्यात'. पाहतो की! कुठे पाहू तेवढं सांगा. अख्ख्या पानात थेटर, वार, वेळ, चॅनेल, काहीही नाही. हॉटेलात नेऊन नुसतं मेन्यूकार्ड वाचून दाखवल्यासारखं झालं हे. दिल्लीच्या वजिराबादमध्ये जखमी घारींवर उपचार करणाऱ्या दोघा भावांची 'ऑल दॅट ब्रीद्स' मी बघितलीय, तीही भाच्याच्या पासवर्डवर. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही फिल्म फेस्टिव्हलांत बक्षीस घेऊन आली ती, आणि खरंच भारी आहे.

पण माझं डोकं फिरलं ते 'अगेन्स्ट द टाइड'वरच्या परिच्छेदाने. तुमचे लेखक म्हणतात, 'लाटांशी झुंजणाऱ्या भोळ्या दर्यापुत्रांची काव्यात्म कहाणी'. साहेब, ती फिल्म त्यांनी बघितलीय की नुसतं पोस्टर? सर्वनिक कौर यांची ही फिल्म मुंबईतल्या दोन कोळी मित्रांची आहे. राकेश बापाच्या वाटेने किनाऱ्याजवळ जाळं टाकतो. गणेश स्कॉटलंडला शिकून आलेला, कर्ज काढून मोठ्या बोटीने खोल समुद्रात जातो, आणि मासळी मिळेना म्हणून ती ओढून घ्यायला पाण्यावर एलईडी दिवे लावायच्या भानगडीत पडतो. एलईडीची मासेमारी केंद्राने २०१७ सालीच बंद केलीय, तरी रात्री किनाऱ्यावर उभं राहिलात तर लांब समुद्रात दिवाळी दिसते. म्हणजे विषय कर्जाचा आहे, मैत्रीत पडलेल्या फटीचा आहे. यात भोळं कोण आहे? आमच्याकडे भोळा माणूस बोट घेत नाही हो, बोट विकतो.

त्याच पानावर अरुणाचलमधल्या रात्रीच्या पतंगांवरची 'नॉक्टर्न्स' आहे. पांढरा पडदा, त्यावर दिवा, आणि हजारो पतंग येऊन बसतात. मी फक्त ट्रेलर बघितलाय, पण बघताना हेच आलं डोक्यात, की दिव्यावर पतंग येतात तशीच मासळी पण येते, फक्त पतंगांचे फोटो काढून त्यांना तिथेच सोडतात.

आता मूळ मुद्दा. हे सगळं मला एवढं का झोंबलं? तर आमच्या आत्यावर पण डॉक्युमेंटरी निघालीय.

सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही मुंबईतल्या मढचे कोळी. बोंबील वाळवायचे दिवस होते आणि दोन मुलगे, एक मुलगी कॅमेरा घेऊन आले. कोण, कुठल्या संस्थेचे ते लिहित नाही, पोरं वागायला चांगली होती, तीन दिवस आमच्याकडेच जेवली. आत्याने पहिल्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं, गळ्यात सोनं घातलं, केसात वेणी. तर ती मुलगी म्हणते, 'आजी, रोजचं नेसा ना, हे नॅचरल नाही वाटत.' आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, पिच्चरमध्ये यायचं नि विटकं नेसून? तरी नेसली बिचारी. मग बांबूच्या वलांडीवर बोंबील लावतानाचा शॉट. आपल्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी टांगतात, आत्याचा हात इतका बसलाय की डोळे मिटून लावते. त्यांनी सुकत आलेले बोंबील उतरवायला लावले आणि तेच परत तीनदा टांगून घेतले, उन्हाचा अँगल बदलला म्हणून. आत्या म्हणाली, बोंबलाला पण पिच्चरचा कंटाला आलाय.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना कळलं की आत्या धवलारीण आहे. आमच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, म्हणते ती, हळदीपासून वरात घरी येईपर्यंत कुठल्या विधीला काय म्हणायचं ते सगळं तिला तोंडपाठ, आणि हे कुठे लिहिलेलं नाही, तिच्या आईकडून तिला आलेलं. त्या दिवशी ओटीवर बसून तिने सलग चाळीसेक मिनिटं म्हटलं. आम्ही घरचे पण एवढं सलग कधी ऐकलेलं नव्हतं, आजूबाजूच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. नंतर एक इंग्रजी कागद पुढे आला, त्यावर आत्याचा अंगठा आणि साक्षीदार म्हणून माझी सही. मी वाचला होता तो कागद. त्यात लिहिलेलं की हे चित्रीकरण सगळ्या माध्यमांत, कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात दाखवायला आमची हरकत नाही. विश्वात! म्हणजे उद्या मंगळावर लागली तरी आत्याची तक्रार नाही. मढमध्ये मात्र आजतागायत लागलेली नाही.

दोन वर्षांनी एक लिंक आली, वर पासवर्ड, आठवडाभर चालणार. मी लॅपटॉप मांडला, आत्या परत ते चांगलं लुगडं नेसून बसली, सगळी गल्ली जमली. बावन्न मिनिटांची फिल्म, आत्या त्यात अकरा सेकंद, मी दोनदा मोजलं. धवला नाहीच! आत्याचे ओठ हलताना दिसतात आणि वर कोणीतरी इंग्रजीत हवामान बदलावर बोलतंय. एक वाक्य तेवढं तिच्या आवाजात ठेवलंय, 'आता जवला पन नाय मिलत.' त्याच्याखाली इंग्रजी अक्षरं काय, तर आता जवळचंही कोणी उरलं नाही. अहो जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी! भजी करतात, चटणी करतात ती! साता समुद्रापलीकडे कोणीतरी हळवा माणूस आत्याच्या एकटेपणावर डोळे पुसत बसला असेल, आणि आत्याच्या घरात तेव्हा अठरा माणसं जेवत होती.

तरी ते हसण्यावारी नेलं आम्ही. पण त्या चाळीस मिनिटांचं काय? मी चार मेल केले. पहिल्या मेलला 'नक्की पाठवतो सर' आलं, पुढच्या तिन्हींना काहीच नाही. गेल्या पावसाळ्यापासून आत्याला दम लागतो, दोन ओळी म्हटल्या की थांबते. भाचीच्या लग्नात सगळं म्हणून झालं नाही, उरलेलं बेंजोवाल्यांनी भरून काढलं. ते रेकॉर्डिंग कुठल्यातरी हार्डडिस्कवर धूळ खात पडलंय, आणि तुमच्या लेखात मात्र 'लोप पावत चाललेलं लोकसंगीत जतन करणारे तरुण फिल्ममेकर' असं एक वाक्य आहे. त्याच्यावरच ठेवले होते सोडे.

सगळेच असे असतात असं नाही. डॉक्युमेंटरीवाले आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड'ला चौदा वर्षं घालवली आणि २०११ साली पुरी झाल्यावर दलित वस्त्यांमध्ये पडदा लावून दाखवली. ज्यांची फिल्म त्यांच्यासमोर. यात अवघड काय आहे मला कळत नाही. एक चादर आणि भाड्याचा प्रोजेक्टर लागतो, आमच्याकडे तर शीड पण चालेल. आणि सरकारचं म्हणाल तर १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजन होती, पिक्चरच्या आधी जबरदस्तीने त्यांची रीळ दाखवायचे आणि पब्लिक तेवढ्यात विडी ओढून यायचं. ती २०२२ मध्ये एनएफडीसीत, म्हणजे सरकारच्याच चित्रपट विकास महामंडळात, विलीन झाली. तेव्हा नको असताना दाखवायचे, आता हवी असताना सापडत नाही.

तर तुमच्या लेखकांना एवढं सांगा, की पुढच्या वेळी फिल्मचं कौतुक करताना दिग्दर्शकाला विचारा, ज्यांच्यावर काढली त्यांनी बघितली का. बक्षिसांची यादी त्याच्या खाली छापा. आणि ती पोरं तुमचा पेपर वाचत असतील तर मला ते चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग द्या, फिल्म नको, पेन ड्राइव्ह मी आणून देतो.

जाता जाता अजून एक. तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळांची चौकट बंद करून तिथे राशिभविष्य वाढवलंत, ते कशासाठी? फोनवर मिळतं असं सांगू नका, मला माहितीय. आत्या रोज तिथीवरून भरतीची वेळ आधी स्वतः सांगायची आणि मग नातवाला ती चौकट वाचायला लावायची. दहा मिनिटांचा जरी फरक निघाला तरी म्हणायची, पेपर चुकला.

आपला,
मढचा एक वाचक
(नाव छापू नये, आत्या रागावेल.)